मुलं कुठे अडतात ते आधी : शिक्षकांना साधनं निवडायला शिकवताना

मूळची मी विज्ञानाची शिक्षिका. गेली काही वर्षं मात्र शाळेतल्या शिक्षकांना व्हिडिओ, सिम्युलेशन (म्हणजे स्क्रीनवर स्वतः बदल करून काय होतं ते बघता येणारं मॉडेल), ऑडिओ, स्लाइड असली साधनं निवडायची कशी आणि वर्गात वापरायची कशी याचं ट्रेनिंग पण देते. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. सुरुवात मात्र माझ्याच वर्गातल्या एका तासापासून करते, पुढचं सगळं त्या तासामुळे झालं.

चंद्राच्या कला शिकवायच्या होत्या. मी ४ मिनिटांचं एक छान ॲनिमेशन शोधलं, एका बाजूला सूर्य, मध्ये पृथ्वी, तिच्याभोवती फिरणारा चंद्र, सगळं वरून बघतोय असं. मुलं एकदम शांत बसून बघत होती, शेवटी टाळ्या पण वाजल्या, आणि मला वाटलं झालं काम. दुसऱ्या दिवशी सहज म्हणून कागद वाटले आणि सांगितलं की चंद्र अर्धा का दिसतो ते चित्र काढून समजावा. अर्ध्याहून जास्त कागदांवर एकच उत्तर होतं, पृथ्वीची सावली पडते म्हणून. आता व्हिडिओत सावलीचा शब्दसुद्धा नव्हता हो! मग मुलांना हे कुठून सुचलं?

मी ते ॲनिमेशन घरी परत चार-पाच वेळा बघितलं तेव्हा लक्षात आलं. एक म्हणजे त्यात चंद्र पृथ्वीला अगदी खेटून फिरतो. खरं अंतर पृथ्वीच्या व्यासाच्या साधारण ३० पट आहे, पण स्क्रीनवर एवढी जागा नसते म्हणून जवळ आणलेला, आणि एवढ्या जवळ असल्यावर सावली पडणारच असं कोणालाही वाटेल. दुसरं जास्त महत्त्वाचं. व्हिडिओ वरून दाखवतो आणि मूल चंद्र बघतं जमिनीवरून. वरून दिसणारं चित्र मनातल्या मनात फिरवून "मी इथे उभा राहिलो तर मला काय दिसेल" हे काढणं हीच तर खरी अवघड गोष्ट आहे, आणि नेमकं तेच काम व्हिडिओने मुलांवर सोडून दिलं होतं.

तिसऱ्या दिवशी खिडक्या बंद करून मध्ये एक दिवा लावला, प्रत्येकाच्या हातात पेन्सिलीला टोचलेला एक पांढरा चेंडू. हात लांब करून चेंडू धरायचा, आपलं डोकं म्हणजे पृथ्वी, आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरायचं. दिव्याकडे तोंड असताना चेंडूची काळी बाजू, पाव फेरी झाली की अर्धा उजळ, पाठ दिव्याकडे गेली की चेंडू डोक्याच्या थोडा वर धरला तर पूर्ण उजळ. एक मुलगी मध्येच थांबून ओरडली, "मॅडम, माझ्या डोक्याची सावली तर एकदम पाठ केल्यावरच पडते, आणि तेही चेंडू खाली घेतला तरच!" मी म्हटलं, बरोबर, त्यालाच ग्रहण म्हणतात. त्यानंतर तेच ॲनिमेशन परत लावलं. या वेळी मुलं स्वतःच सांगत होती की आपण इथे उभे आहोत, आपल्याला एवढाच भाग दिसेल.

म्हणजे व्हिडिओ वाईट नव्हताच, मी तो आधी लावला आणि एकटाच लावला हे चुकलं. आणि मला तोपर्यंत असं कोणी शिकवलंच नव्हतं की साधन निवडताना हे सगळं बघायचं असतं.

ट्रेनिंग झालं नव्हतं असं नाही, झालं होतं. ३ दिवसांचं होतं, खूप मेहनतीने घेतलेलं, पण त्यात एकामागून एक ॲप दाखवत गेले. हे क्विझसाठी, हे पोस्टरसाठी, हे व्हिडिओ कापायला, लॉगिन असं करायचं, बटण इथे आहे. माझी वही भरली. तीन दिवसांत मला एकदाही कोणी विचारलं नाही की तुम्ही काय शिकवता आणि तुमची मुलं कुठे अडतात. घरी आल्यावर त्यातली दोन ॲप मी महिनाभर वापरली, मग एकाचं रूपच बदललं, बटणं दुसरीकडे गेली, आणि माझ्या वहीतल्या नोट्स निरुपयोगी झाल्या. बटणं शिकवण्याची हीच अडचण आहे, ती फार दिवस टिकत नाहीत.

तरीसुद्धा मला जेव्हा पहिल्यांदा दुसऱ्या शिक्षकांना शिकवायला सांगितलं तेव्हा मी तेच केलं, आणि हे मला आजही खुपतं. आपल्याला जसं शिकवलं जातं तसंच आपण शिकवतो, चंद्राचा धडा घेऊनसुद्धा मी परत ॲपची यादीच घेऊन उभी राहिले. वर पहिल्याच स्लाइडवर तो प्रसिद्ध पिरॅमिड टाकला, तुम्ही बघितला असेलच, वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, बघितलेलं ३० टक्के, असं करत करत स्वतः केलेलं ९० टक्के. त्या बॅचमध्ये गणिताचे एक सर होते, त्यांनी हात वर करून शांतपणे विचारलं, "मॅडम, हे आकडे एवढे गोल कसे काय? कोणावर प्रयोग केला होता?" मला उत्तर माहीत नव्हतं. उद्या सांगते म्हटलं आणि रात्री शोधत बसले.

जे सापडलं ते वाचून अंग गार पडलं. त्रिकोणी आकृती एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांची, १९४६ च्या त्यांच्या पुस्तकातली, नाव अनुभवांचा शंकू. खाली प्रत्यक्ष केलेला अनुभव, वर वर जाताना प्रात्यक्षिक, सहल, चित्रपट, चित्रं, आणि टोकाला शब्द, म्हणजे मूर्तापासून अमूर्तापर्यंत साधनांची मांडणी. त्यात टक्केवारी नाहीच! आकडे नंतर कोणीतरी चिकटवले आणि ते हातोहात जगभर फिरत राहिले, त्यांच्यामागे असा कुठलाही अभ्यास नाही. आणि डेल यांनी असंही म्हटलं नव्हतं की खालचं चांगलं आणि वरचं वाईट. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर उभी राहून हे सांगितलं, स्लाइड काढून टाकली आणि त्या सरांचे आभार मानले. मला वाटतं त्या बॅचला माझ्याकडून मिळालेली सगळ्यात उपयोगी गोष्ट तीच असेल, कारण त्यानंतर लोक मोकळेपणाने विचारायला लागले की हे कशावरून.

दोन-तीन महिन्यांनी मी त्या शिक्षकांना फोन केले, काहींच्या वर्गात जाऊन बसले. बहुतेक ठिकाणी प्रोजेक्टरवर पुस्तकाचं पान भिंतीवर मोठं करून दाखवणं चालू होतं, काही ठिकाणी तेही बंद. शिक्षक आळशी आहेत म्हणून नाही, हे कृपया कोणी म्हणू नका, त्यांच्याकडे वेळ नसतो आणि मी त्यांना जे दिलं ते त्यांच्या धड्याला कुठे जोडायचं हेच सांगितलं नव्हतं.

मग मी सगळं मोडून परत बांधलं. सलग तीन दिवस बंद, त्याऐवजी दर दोन-तीन आठवड्यांनी एक अशा ६ बैठका, मधल्या काळात प्रत्येकाने आपल्या वर्गात करून बघायचं. आणि पहिल्या बैठकीत कुठलंही मशीन नाही. प्रत्येकाने एकच आणायचं, आपल्या मुलांची चुकलेली उत्तरं. एकाच प्रश्नाची दहा-बारा चुकीची उत्तरं, नावं झाकून. सकाळभर आम्ही फक्त ती वाचतो आणि शोधतो की मूल नेमकं कुठे अडलंय, काय दिसत नाहीये त्याला, काय फार पटकन होऊन जातंय, काय एकदा ऐकून पुरत नाहीये, की सराव कमी पडतोय आणि चूक झाल्याचं त्याला चार दिवसांनी वही तपासल्यावर कळतंय. शेवटी प्रत्येकाने एक वाक्य लिहायचं, "माझ्या मुलांना असं असं वाटतं, कारण त्यांना अमुक दिसत किंवा करता येत नाही." हे वाक्य लिहायला लोकांना तास-दीड तास लागतो, आणि खरं सांगते, जे दहा मिनिटांत लिहून मोकळे होतात त्यांचं बहुतेक वेळा परत लिहावं लागतं.

ते वाक्य हातात आलं की साधन निवडणं खूप सोपं होतं, कधी कधी तर आपोआपच होतं. विजेचं सर्किट शिकवणाऱ्या एका बाईंचं वाक्य होतं की मुलांना वाटतं पहिला बल्ब करंट खाऊन टाकतो आणि दुसऱ्याला उरलेला मिळतो. आता करंट तर डोळ्यांनी दिसत नाही, तिथे सिम्युलेशन हवंच. कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाइमन यांनी सुरू केलेल्या फेट प्रकल्पाची सिम्युलेशन फुकट आहेत, त्यातल्या सर्किटच्या सिम्युलेशनमध्ये तारेतून सरकणारे ठिपके दिसतात, दोन्ही बल्बांच्या आधी आणि नंतर तेवढ्याच वेगाने. पण त्याच बाईंनी पुढच्या बैठकीत सांगितलं की मुलांनी खऱ्या तारा जोडल्या तेव्हा अर्ध्या गटांचा बल्ब लागलाच नाही, तार सैल होती, आणि ती सैल तार शोधण्यात मुलं जे शिकली ते स्क्रीनवर कधी शिकलीच नसती, तिथे तार सैल पडतच नाही ना. म्हणून त्यांनी ठरवलं, आधी खरं सर्किट, मग सिम्युलेशन, मग परत खरं. हा क्रम मी सांगितलेला नव्हता, त्यांनी स्वतः काढला.

पिरॅमिडवाले गणिताचे सर या नवीन बैठकांना परत आले होते. त्यांनी जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या हलवून बघायचं सॉफ्टवेअर घेतलं, त्रिकोणाचा कोपरा माउसने ओढायचा आणि तीन कोनांची बेरीज बघायची. मुलांनी ओढून ओढून त्रिकोण चपटा केला, उंच केला, बेरीज तीच. आणि मग एका मुलाने दाखवलेले तीन आकडे वहीत मांडून बेरीज केली तर १७९.९९ आली! सर म्हणाले, त्या क्षणी मला वाटलं मशीनने घोळ घातला, पण मग त्यावरच अर्धा तास बोललो, स्क्रीन आकडे दोन दशांशांपर्यंत गोल करून दाखवते, मग नुसतं बघून खात्री पटते का, की सिद्धता लागते? मुलांना सिद्धता का हवी हे त्यांना वर्षानुवर्षं पटवता येत नव्हतं ते त्या एका चुकलेल्या बेरजेने पटवलं.

भाषेच्या एका मॅडमनी तर साधन कमी केलं. कवितेवरचे तीन व्हिडिओ त्यांनी बघितले, तिन्हीत ओळीगणिक चित्र येत होतं, आणि त्यांचं म्हणणं की मुलाच्या मनात स्वतःचं चित्र तयार व्हायच्या आत दुसऱ्याचं चित्र येऊन बसतं. त्यांनी फोनवर स्वतःच्या आवाजात कविता रेकॉर्ड केली, वर्गात दिवे बंद करून फक्त ऐकवली, दोनदा, आणि मग मुलांना विचारलं काय दिसलं. मला हे फार आवडलं. सगळ्यात चकचकीत साधन निवडलं म्हणजे चांगला शिक्षक असं जे एक दडपण असतं ना शिक्षकांवर, ते अशा उदाहरणांनी जरा उतरतं.

तिसऱ्या बैठकीच्या आसपास कोणीतरी विचारतंच की मग साधनाने काही फरक पडतो की नाही. इथे मी एक जुना वाद सांगते. रिचर्ड क्लार्क या शिक्षण-संशोधकांनी १९८३ मध्ये लिहिलं की माध्यम हे नुसतं वाहन आहे, किराणा घेऊन येणाऱ्या ट्रकमुळे जसं आपलं पोषण बदलत नाही तसं माध्यमामुळे शिकणं बदलत नाही, बदलतं ते शिकवण्याच्या पद्धतीमुळे. दुसरे संशोधक रॉबर्ट कोझमा यांनी १९९१ मध्ये उलट बाजू मांडली की प्रत्येक माध्यमाची काही खास ताकद असते आणि ती पद्धतीशी जोडली तर शिकण्यात भर पडू शकते. मी कोणाचं बरोबर ते सांगत नाही, शिक्षकांना त्यांच्या त्यांच्या वर्गावरून भांडू देते. माझं स्वतःचं मत असं की व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो, हळू करता येतो ही त्याची ताकद आहे आणि आपण वर्गात नेमकं तेच करत नाही, एकदा लावला की शेवटपर्यंत चालू ठेवतो. मग तो खरंच नुसता ट्रक होतो.

म्हणून व्हिडिओवर एक पूर्ण बैठक. आधी तो आवाज बंद करून बघायचा, मग स्क्रीन झाकून नुसता ऐकायचा, मग दोन्ही एकत्र. साधी गोष्ट आहे पण बरंच काही उघडकीला आणते. आवाज बंद केल्यावर कळतं की चित्रात खरं म्हणजे काहीच सांगितलेलं नाही, नुसती सजावट आहे, किंवा ऐकताना कळतं की निवेदक एवढे अवघड शब्द वापरतोय की आपल्या मुलांना पहिल्या मिनिटातच सुटेल. मग थांबे ठरवायचे, कागदावर वेळ लिहून. १ मिनिट ४० सेकंद, थांबवा, विचारा पुढे काय होईल, वहीत लिहू द्या, मग चालू करा. एका व्हिडिओला दोन-तीन थांबे पुरतात. किती लांबीचा घ्यावा असं विचारतात, तर २०१४ मध्ये एडएक्सच्या ऑनलाइन कोर्सचा मोठा अभ्यास झाला, सुमारे ६९ लाख वेळा व्हिडिओ बघितल्याच्या नोंदी तपासल्या, त्यात ६ मिनिटांच्या आतले व्हिडिओ लोक जास्त टिकून बघतात असं दिसलं. पण ते एकेकटे घरी बसून बघणारे लोक होते, वर्गात तुम्ही समोर उभे आहात, मध्ये थांबवताय, त्यामुळे तो आकडा नियम म्हणून घेऊ नका.

स्लाइडची बैठक लोकांना सगळ्यात जड जाते, कारण प्रत्येकाने रात्री जागून केलेल्या स्लाइड असतात आणि त्यातलं काढून टाकायचं असतं. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञांनी शब्द आणि चित्रं एकत्र शिकवताना काय होतं यावर खूप वर्षं प्रयोग केलेत, त्यातल्या तीन गोष्टी मी घेते. चित्र समजावून सांगत असताना तेच वाक्य शब्दशः स्क्रीनवर नको, मूल वाचू की ऐकू की चित्र बघू यात अडकतं. आकृतीतल्या भागाचं नाव त्या भागाजवळच लिहा, कोपऱ्यात १, २, ३ ची यादी नको. आणि धड्याशी संबंध नसलेलं गोंडस चित्र, संगीत काढून टाका. फक्त एक अट मी जोडते, भाषा नवीन असलेल्या किंवा कमी ऐकू येणाऱ्या मुलांसाठी मात्र खाली दिसणारे शब्द खरोखर लागतात, तिथे डोळे झाकून नियम लावू नका. इथेच मग दुसरा विषय निघतो की आपला आलेख लाल आणि हिरव्या रेषांचा असेल तर काही मुलांना दोन्ही सारख्याच दिसतात. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये हे बरंच जास्त असतं, कारण त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. एक रेष तुटक करा, संपलं काम. एका सरांनी दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं तर दोन मुलांनी हात वर केला, वर्षभर कोणाला माहीतच नव्हतं. ते सांगताना सरांचा आवाज बदलला होता.

चौथ्या बैठकीत सूक्ष्म अध्यापन. बीएड केलेल्यांना हा शब्द माहीत असतो आणि तो ऐकूनच तोंडं वाकडी होतात, कारण तिथे तो कागदोपत्री उरकलेला असतो. स्टॅनफर्डमध्ये १९६३ च्या सुमारास ड्वाइट ॲलन यांनी हे सुरू केलं तेव्हा मूळ गंमत वेगळी होती, छोटा धडा शिकवा, स्वतःचा व्हिडिओ बघा, सांगितलेली एकच गोष्ट सुधारा आणि लगेच परत शिकवा. ते "परत शिकवा" आपल्याकडे गळून गेलं आणि खरी मजा त्यातच आहे. आम्ही ७ मिनिटांचा धडा घेतो, साधन वापरून, समोर सहकारी बसतात, रेकॉर्डिंग त्याच शिक्षकाच्या फोनवर होतं आणि त्याच्याकडेच राहतं. हे फार महत्त्वाचं आहे, रेकॉर्डिंग दुसरीकडे जाणार म्हटलं की माणूस नाटक करायला लागतो.

त्यात बहुतेकांना दोन गोष्टी दिसतात. स्क्रीन आली की आपली पाठ मुलांकडे होते आणि आपण स्क्रीनशीच बोलायला लागतो. आणि प्रश्न विचारल्यावर आपण थांबतच नाही. मेरी बड रो या शिक्षण-संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांमधली रेकॉर्डिंग तपासली होती, शिक्षक प्रश्न विचारून सरासरी साधारण १ सेकंद थांबतात, ते ३ सेकंद झाले तर मुलांची उत्तरं लांब होतात आणि गप्प राहणारी मुलंही बोलतात असं त्यांना दिसलं. आम्ही स्वतःच्या रेकॉर्डिंगवर फोनचं स्टॉपवॉच लावून मोजतो. माझं स्वतःचं पहिल्यांदा मोजलं तेव्हा १ सेकंदही नव्हता, आणि मी शिक्षकांची शिक्षक. आता धड्याच्या कागदावर मी प्रश्नापुढे एक छोटा गोल काढते, तो दिसला की मनात चार आकडे मोजायचे.

बाकी दोन-तीन गोष्टी पटकन होतात. इंटरनेटवरून घेतलेलं चित्र वापरताना त्याचा परवाना बघायचा, क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून आहेत, नाव द्या, बदल करू नका, पैसे कमवू नका अशा अटी चिन्हांनी लिहिलेल्या असतात, एकदा समजलं की दोन मिनिटांचं काम. जे दाखवायचं ते आदल्या दिवशी डाउनलोड करून त्याच मशीनवर, त्याच खोलीत, शेवटच्या बाकावर बसून बघायचं, अक्षरं वाचता येतात का, आवाज पोचतो का. आणि हल्ली एआयबद्दल सगळेच विचारतात. प्रश्नपत्रिकेचा कच्चा खर्डा करायला ते बरं आहे, पण मी प्रत्येकाला आपल्याच विषयाची एक आकृती त्याच्याकडून काढून घ्यायला लावते आणि त्यातल्या चुका शोधायला सांगते. ज्यांना विषय पक्का येतो त्यांना चुका पटापट सापडतात आणि मग वेगळं काही समजवावं लागत नाही.

पण सगळ्यात जास्त काम होतं ते बैठकांच्या मधल्या आठवड्यांत. जॉइस आणि शॉवर्स या शिक्षक-प्रशिक्षणाच्या दोन अभ्यासकांनी १९८० च्या दशकातच यावर जोर दिला होता की नुसतं व्याख्यान आणि प्रात्यक्षिक देऊन नवीन पद्धत वर्गात उतरत नाही, वर्गात सोबत करणारं कोणीतरी लागतं. मी जोड्या लावते, शक्यतो एकाच शाळेतले पण वेगळ्या विषयाचे. विषय वेगळा असला की माणूस विषयाच्या चुका काढत बसत नाही, मुलांकडे बघतो. सोबत्याने वर्गात मागे बसून फक्त एका मुलाकडे बघायचं, पूर्ण तास, आणि ते मूल काय करतंय ते लिहायचं. शिक्षकाबद्दल एक शब्द नाही. हे वाचून शिक्षकाला जे कळतं ते कुठल्याही शेऱ्यातून कळत नाही. "व्हिडिओ चालू असताना ती ३ मिनिटं खिडकीबाहेर बघत होती, थांबवून प्रश्न विचारला तेव्हा वही उघडली, शेजारणीला काहीतरी सांगितलं, परत चालू झाल्यावर पुढे झुकून बघितलं." या एका नोंदीमुळे एका सरांनी पुढच्या तासाला थांबे वाढवले.

अडचणी आहेत, त्या लपवत नाही. सहा बैठकांना वेळ काढणं कठीण जातं, शाळेच्या कामातून सुटका होत नाही, दोन बैठकांनंतर काही जण येईनासे होतात आणि ते का आले नाहीत हे विचारलं तर बहुतेक वेळा कारण खरंच मोठं असतं. शिवाय कागदावर दाखवायला ३ दिवसांत १०० शिक्षक जास्त बरे दिसतात, वर्षभरात २५ कमी दिसतात. मला याचा राग येतो, कारण १०० जणांच्या हातात प्रमाणपत्र गेलं तरी एकाही वर्गात काही बदललं नाही तर ते कोणासाठी केलं आपण? हा प्रश्न मी जिथे विचारायचा तिथे विचारते, दरवेळी उत्तर मिळतंच असं नाही.

मागच्या बॅचमध्ये एक बाई होत्या, निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली, पहिल्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मला यातलं काही जमणार नाही, मी नुसती बसून ऐकते चालेल का?" मी म्हटलं चुकलेली उत्तरं घेऊन या, बाकी नंतर बघू. त्यांनी आणलेली उत्तरं अख्ख्या बॅचमध्ये सगळ्यात चांगली निवडलेली होती, त्यांना मुलांच्या चुका तोंडपाठ होत्या. विषय अपूर्णांक, मुलांना वाटतं एक-आठवा हा एक-चौथ्यापेक्षा मोठा, कारण आठ मोठे. त्यांनी चार व्हिडिओ बघितले. आमच्या फॉर्मवर प्रत्येक साधनापुढे निवडलं की नाही आणि का असा रकाना आहे. चारही व्हिडिओंपुढे त्यांनी लिहिलं होतं, "निवडला नाही. यात कापण्याचं काम व्हिडिओ करतो, माझ्या मुलांना करायला काही उरत नाही." त्यांनी कागदाच्या पट्ट्या घेतल्या, मुलांकडून घड्या घालून घेतल्या, आणि एक फोन स्टँडवर लावून एका मुलाचे हात भिंतीवर मोठे करून दाखवले, म्हणजे घडी कशी चुकते ते सगळ्यांना एकदम दिसेल. फोन प्रोजेक्टरला जोडायला त्यांना शेजारच्या मुलाने मदत केली.

पुढची बॅच सुरू होतेय, पहिली बैठक, चुकलेल्या उत्तरांची, या वेळी त्या बाई घेणार आहेत. मी मागच्या बाकावर बसून एका शिक्षकाकडे बघणार आहे, वही घेऊन.